ग्रीस मारलंय, पण बेरिंग बघितलंय का?

प्रश्न : गेल्या सप्टेंबरात आम्ही २४ फुटी, दोन आखांचा जुना ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर, घेतला. जूनच्या शेवटी सासू-सासरे आणि दोन्ही मुलांना घेऊन यलोस्टोनला जायचं आहे. विकणाऱ्याने सांगितलं होतं, ‘आखाच्या टोकाला ग्रीसचं निपल आहे, वर्षातून एकदा गनने ग्रीस मारा, चाक काढायची गरजच नाही.’ माझे बाबा करमाळ्याकडे शेती करतात, घरी ट्रॅक्टर-ट्रॉली आहे. ते फोनवर बजावतात, चाकं उघडून बघितल्याशिवाय निघू नका. कोणाचं ऐकावं?
– एक वाचक, कोलंबस, ओहायो

उत्तर : ताई, बाबांचं ऐका. ट्रॉलीचं चाक भर रस्त्यात अडकलं की काय होतं हे त्यांनी पाहिलेलं असणार.

निपल वाईट नाही. चाक आखावर मोकळं फिरावं म्हणून त्याच्या मधल्या तुंब्यात, म्हणजे हबमध्ये, रोलरची दोन बेरिंगं असतात, एक आत, एक बाहेर. रबरी बूच काढून गन लावली की ग्रीस आखातल्या भोकातून आधी आतल्या बेरिंगपाशी जातं आणि हब भरत बाहेरच्या बेरिंगमधून परत येतं. पण ग्रीस अडवून धरणारं आतलं सील जुनं असेल तर ग्रीस मागे फुटून ब्रेकच्या ड्रममध्ये शिरतं. बाहेरून काहीच दिसत नाही. दुसरं असं की नवं ग्रीस बेरिंगवरचा गंज झाकतं, घालवत नाही.

हे मी स्वतः भोगलंय. मी मिशिगनला राहतो. २०१४ साली साऊथ डाकोटात आय-९० महामार्गावर मिचेल गावाच्या अलीकडे डिझेल भरायला थांबलो, तर उजव्या मागच्या चाकाजवळ जळकट वास. हबकडे हात नेववेना. तीन वर्षं मी दर वसंतात नेमाने गन मारत होतो, उघडलं मात्र एकदाही नव्हतं. मेकॅनिकने ड्रम काढला तेव्हा ब्रेक शू (ड्रमला घासून चाक थांबवणारे) ग्रीसने माखलेले, आतल्या बेरिंगचे रोलर निळे पडलेले आणि आखालाही चरे. सुटे भाग येईपर्यंत आम्ही दोन दिवस तिथेच. बायको, मुलगी, वर्षाची नात सोबत होती. चाक निखळलं असतं तर, हा विचार अजून मनातून जात नाही.

आपल्याकडचे ट्रेलर हिवाळाभर अंगणात उभे असतात. दमट हवा आत शिरते, आणि रोलर जिथे रेसला (ज्या कड्यावर रोलर फिरतात त्याला) टेकलेला असतो त्या रेघेवर गंज धरतो. पुढे तिथेच खड्डे पडतात. म्हणून ‘आमचा फारसा चाललेला नाही’ यात समाधान मानू नका. डेक्सटर या आख बनवणाऱ्या कंपनीचं सांगणं १२ महिने किंवा १२,००० मैल, जे आधी होईल ते, असं आहे. तुमच्याकडे आधीच्या मालकाची नोंद नसेल, तर मुदत उलटली असंच धरा.

काम मे महिन्यातच काढा, म्हणजे भाग मागवायला वेळ राहील. ट्रेलर गाडीला जोडलेला ठेवा, बाकीच्या चाकांना अटकण लावा, आणि जॅक चासीच्या फ्रेमखाली लावा. आखाच्या नळीखाली कधीच नको, ती वाकते. चाक वरून आणि खालून धरून हलवा : खडखडाट जाणवायला नको. मग चाक फिरवा आणि दुसरा हात पाट्याच्या स्प्रिंगवर ठेवा. ब्रेक शूची हलकी सळसळ चालते. खरखर हाताला लागली, तर कानाला ऐकू येण्याआधीच बेरिंग बोलतंय असं समजा.

ड्रम काढल्यावर बेरिंग रॉकेलने धुऊन पूर्ण वाळवा. हवेच्या झोताने गरगर फिरवू नका, रोलर उडून डोळ्याला लागेल. उजेडात एकेक रोलर बघा, रेसवरून नख फिरवा. नख अडकलं, निळसर डाग दिसला, तर बेरिंग आणि रेस जोडीनेच बदला. रेस ठोकून बसवायचं काम गॅरेजवर सोपवा. काढलेलं ग्रीस दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. चांगली बेरिंगं ज्या चाकाची त्याच चाकात परत जावीत. सील मात्र नवंच घाला, चार पैशांकडे बघू नका. ग्रीस तळहातावर घ्यायचं आणि बेरिंगची रुंद कड त्यात दाबत राहायचं, रोलरांच्या फटींतून वर येईपर्यंत. जुन्यात नवं मिसळू नका.

सगळ्यात जास्त चुका नट आवळताना होतात. ही बेरिंगं निमुळत्या रोलरची. त्यांचं पेटंट १८९८ मधलं, बग्गी बनवणाऱ्या हेन्री टिमकेन यांचं. त्यांची कंपनी पुढे तुमच्याच राज्यात कँटनला आली. निमुळता आकार वजनही पेलतो आणि वळणावरचा बाजूचा रेटाही, पण फट किती राहणार हे तो एकटा नट ठरवतो. ड्रम फिरवत नट ५० फूट-पाउंडपर्यंत (हे आवळण्याच्या जोराचं माप) आवळा, म्हणजे बेरिंग बसतं. मग ड्रम न फिरवता सैल करा, नुसत्या बोटांनी टेकेल इतपत परत आणा आणि पिनेचं भोक जुळेल एवढंच मागे घ्या. स्प्लिट पिन, इथे कॉटर पिन म्हणतात ती, नवीच घाला. गच्च आवळलेला नट बेरिंग जाळतो.

टायर कधी बनला ते सांगणारा त्याच्यावरचा चार आकडी कोडही बघून घ्या : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे.

बेरिंगवर कोरलेला नंबर लिहून ठेवा. ३,५०० पाउंड वजन पेलणाऱ्या आखाला बहुधा आत एल ६८१४९ आणि बाहेर एल ४४६४९ असतं, पण तुमचं काय निघतं तेच खरं. रेससकट एक पूर्ण जोडी, सील, पिन आणि ग्रीसचा डबा सोबत घ्या. पहिला थांबा ओहायोतल्याच स्प्रिंगफील्डला घ्या आणि चाकांचे नट टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याने, पुन्हा तपासा. मग प्रत्येक पेट्रोल पंपावर, जोराचे ब्रेक न लावता थांबून, इन्फ्रारेड थर्मामीटर चारही हबांवर रोखा. चकचकीत ॲल्युमिनियमवर आकडा फसवा येतो, म्हणून हबवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवा. चारांतलं एक बाकीच्यांपेक्षा ठळकपणे तापलेलं दिसलं, तर पुढचा मैल घालू नका. सासऱ्यांना वही द्या, आकडे ते लिहितील.