व्हायोलिनला मोकळं ठेव

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबत पाठवलेली पहिली पानं सावकाश वाचली. ‘लिआंग-झू’ हा, मरणानंतर फुलपाखरं होणाऱ्या दोन प्रेमिकांच्या चिनी लोककथेवरचा व्हायोलिन कॉन्चेर्तो (एकल व्हायोलिन आणि वृंद यांची रचना) चिनी पारंपरिक वाद्यांच्या वृंदासाठी उतरवायला घेतलास याचा फार आनंद झाला. स्वरलेखन स्वच्छ आहे, ओळी वाचायला सोप्या आहेत. पण वहीच्या सुरुवातीला तू जी यादी केली आहेस ती आधी मिटून ठेव: फ्लूटच्या जागी दीझ, ओबोच्या जागी ग्वान, व्हायोलिनच्या ताफ्याच्या जागी आरहू, हार्पच्या जागी गुझंग. अशा अदलाबदलीनं पानं भरतील, तालमीही होतील, आणि पहिल्या पाच मिनिटांत एकलवादकाचं व्हायोलिन गर्दीत हरवेल. ते का, हे सांगण्यासाठीच हे पत्र.

ही रचना कुठून आली ते आठव. 1958-59 मध्ये शांघायच्या संगीत महाविद्यालयात शिकणाऱ्या ह झानहाओ आणि चेन गांग या दोघांनी ती केली. ह झानहाओ तिथे येण्याआधी झेजियांग प्रांतातल्या युए ऑपेरा या तिथल्या गायननाट्याच्या साथीला वाजवत असे, त्यामुळे ते गाणं त्याच्या कानात मुरलेलं होतं. व्हायोलिन चिनी माणसाला आपलं कसं वाटेल, यावर तिथल्या विद्यार्थ्यांचा एक गट त्या काळात प्रयोग करत होता. आरहूची घसीट, पिपा या छेडून वाजवायच्या वाद्याचे आघात, ऑपेरातल्या गायिकांचं स्वरांवर रेंगाळणं, हे सगळं त्यांनी व्हायोलिनच्या बोटांत आणि गजात आणलं. 27 मे 1959 ला शांघायच्या लायसियम थिएटरात पहिला प्रयोग झाला. एकलवादक यू लीना तेव्हा 18 वर्षांची होती.

आता प्रेमाच्या त्या मुख्य सुरावटीकडे बघ. आपल्या सरगमीत तिचा मुखडा साधारण असा येतो: ग, प ध, सां रें ध सां, प. भूपाचेच स्वर, आणि पुढे एका ठिकाणी शुद्ध निषादाचा हलका स्पर्श. तो निषाद आला की आपला कान दचकतो, कारण भूपात तो नाही. तिथे मात्र तो अगदी घरचा आहे, त्याला दाबू नकोस. ही सुरावट व्हायोलिनवर ऐकताना जीव गुंततो तो त्या स्वरांमधल्या मिंडीमुळे. मूळ रचनेत ती मींड उठून दिसते, कारण मागे बसलेली मंडळी घसरत नाहीत. फ्लूट, हार्प, ओबो आपापल्या स्वरावर सरळ उभे असतात आणि त्यांच्या पुढ्यात एकटं व्हायोलिन गायिकेसारखं हलतं.

तुझ्या वृंदात हे चित्र उलटं होतं. मागे गाओहू (उंच सुराचा), आरहू, झोंगहू (खालच्या सुराचा) अशी हू घराण्यातली गजाची वाद्यं ओळीनं बसलेली. मींड ही तर त्यांची मातृभाषा; वादकाला सांगितलं नाही तरी दोन स्वरांमध्ये बोट घसरतंच. शिवाय आरहूचा आवाज नेमक्या त्याच मध्यसप्तकात भरतो जिथे व्हायोलिन पहिल्यांदा ती सुरावट गातं. ज्या वाद्यांकडून व्हायोलिननं हे गाणं उसनं घेतलं, तीच सगळी त्याच्या मागे एका सुरात गायला लागली, तर ऐकणाऱ्यानं कुणाकडे लक्ष द्यायचं?

म्हणून माझं सांगणं एवढंच की एकलवादक गात असताना गजाच्या वाद्यांना शक्य तितकं गप्प ठेव. त्यांचा हक्क आहे, तो त्यांना मिळेल. व्हायोलिन थांबतं आणि सगळा वृंद सुरावट उचलतो तिथे त्यांना मनमोकळं गाऊ दे, हव्या तितक्या मिंडी घेऊ दे. व्हायोलिनच्या खालची जमीन मात्र शंग या फुंकून वाजवायच्या, अनेक नळ्यांच्या वाद्यानं आणि छेडून वाजवायच्या वाद्यांनी बांध. शंगचा स्वर श्वास आत घेताना आणि बाहेर सोडताना, दोन्ही वेळा येतो, त्यामुळे तो लांबवर अखंड राहतो. त्यावर एका वेळी अनेक स्वर वाजतात आणि तो सहसा हलत नाही. मूळ रचनेत हॉर्न जी ऊब देतात ती तुला मध्य आणि खर्जाच्या शंगमध्ये सापडेल. त्याला झोंगरुआन या मध्यम सुराच्या छेडवाद्याचे मोजके, मऊ आघात जोड. रुआन, लिऊचिन, पिपा या छेडवाद्यांना लांब स्वर धरायला लावलंस तर त्यांना सतत थरथरता आघात करत राहावा लागतो. एका वाद्यावर तो सुंदर वाटतो. पूर्ण ताफा तसं करू लागला की कानाला मुंग्या येतात. तुझ्या तिसऱ्या पानावर नेमकं तेच झालं आहे.

गजाच्या वाद्यांच्या मर्यादा तुला पाठच हव्यात. आरहूच्या दोन तारा, मध्य सा म्हणजे मधला सी धरला तर त्याच्या वरच्या डी आणि ए या स्वरांना मिळवलेल्या, आणि गजाचे केस त्या दोन तारांच्या मधून जातात. म्हणून आरहूवर एकदम दोन स्वर धरता येत नाहीत, आणि त्या डीच्या खाली स्वरच नाही. मूळ रचनेतल्या दुसऱ्या व्हायोलिनच्या ओळी अनेकदा त्याखाली उतरतात. त्या झोंगहूकडे दे. झोंगहू सर्वसाधारणपणे त्याखालच्या जीपर्यंत पोचतो, म्हणजे व्हायोलाचा सगळा खालचा भाग त्याच्याही आवाक्याबाहेर. तो झोंगरुआन, दारुआन (खर्जाचा रुआन) किंवा चेलोकडे जाईल. मधल्या सप्तकातलं हे भगदाड तू अजून भरलेलं नाहीस. तुझ्या पानांवर वर पुष्कळ गर्दी आहे, खाली चेलो आहेत आणि मधे पोकळी आहे. व्हायोलिनच्या ताफ्यानं बोटानं छेडायच्या जागा तर सरळ रुआन आणि पिपाला देऊन टाक. हूच्या तारेवर छेडलेला आवाज जेमतेम पुढच्या रांगेपर्यंत पोचतो.

हार्पसाठी गुझंग घेतलास हे मला पटतं, फक्त एक गोष्ट सांभाळ. गुझंगच्या 21 तारा पाच स्वरांत लावलेल्या असतात. सुरुवातीच्या जी मेजरमध्ये ती स्वर्ग उभा करेल, कारण सुरावटीचे मुख्य स्वर तिच्या मोकळ्या तारांत बसतात. पुढे रचना पट्टी बदलते तेव्हा डाव्या हातानं तारा दाबून हवा तो स्वर काढावा लागतो, आणि भरभर उलगडणाऱ्या हार्पच्या आकृतीत तेवढी फुरसत नसते. तिथे दोन गुझंग वेगवेगळ्या लावून ठेव किंवा ती आकृती यांगचिनला, म्हणजे काठ्यांनी वाजवायच्या चिनी संतूरला, दे. आणि सुरुवातीच्या फ्लूटसाठी दीझ निवडताना दक्षिणेची छूदी घे, उत्तरेची बांगदी नको. ही गोष्ट यांगत्सेच्या दक्षिणेकडची, पाण्याच्या, धुक्याच्या मुलखातली आहे. छूदीचा गोल, ओलसर आवाज त्या मुलखातल्या खुनछू या जुन्या ऑपेराच्या गाण्याबरोबर वाढलेला आहे.

आता मधल्या भागाकडे येते, तिथे तू सर्वांत जास्त घाबरलेली दिसतेस. गोष्ट तुला माहीत आहे. झू यिंगताय मुलाचा वेष करून हांगझौला शिकायला जाते, लिआंग शानबोबरोबर तीन वर्षं काढते, आणि घरी परतल्यावर वडील तिचं लग्न मा घराण्यात ठरवतात; त्या दुःखात लिआंग मरतो. ती जुलमाची सुरावट मूळ रचनेत खालची पितळी वाद्यं वाजवतात. चिनी वृंदात ट्रॉम्बोन नाही, म्हणून तू तिथे सोना (सनईसारखं, मोठ्या आवाजाचं वाद्य) कमी वापरून ढोलांवर भर दिला आहेस. सोनाला घाबरू नकोस. उत्तर चीनच्या गावांत लग्नाची वरात सोनाच्या आवाजात निघते आणि प्रेतयात्राही. बापाच्या हुकमाला सोनाचा आवाज दिलास की मंडपच स्टेजवर येतो, आणि पुढे थडग्यापाशी तोच आवाज दुसऱ्या अर्थानं परत येतो. ट्रॉम्बोनला हे कधीच जमलं नसतं. फक्त सूर खालचा ठेव: खर्जाचा आणि टेनर सोना, त्याखाली दारुआन आणि चेलो. वरच्या सोनाला त्या ठिकाणी एकही स्वर देऊ नकोस, नाहीतर बाकीच्या साठ माणसांची मेहनत त्या एकाच वाद्यामागे झाकली जाईल.

त्यानंतर येतो सज्जातल्या भेटीचा संवाद, व्हायोलिन (झू) आणि चेलोचा (लिआंग). चेलोची ओळ झोंगहूला द्यावी का, असं तू विचारलं आहेस. माझं मत, चेलोच राहू दे. झोंगहूवर ती ओळ खाली पुरत नाही, हे एक. पण खरं कारण वेगळं आहे. या दोघांचे आवाज एकाच घडणीचे हवेत, म्हणजे भोवतालच्या वृंदापुढे ती दोघंच एकमेकांची वाटतात. व्हायोलिनला एकटं पाडून लिआंगला समोरच्या गटात बसवलंस तर नातं तुटतं. उद्या कुणी हाच कॉन्चेर्तो गाओहूसाठी बसवला तर त्याच्या समोर झोंगहू शोभेल. तुझ्यापुढे व्हायोलिन आहे.

आणि मग लिआंगच्या थडग्यावरचा यिंगतायचा विलाप. या भागासाठी तुझ्या वृंदासारखा वृंद जगात दुसरा नाही. ऑपेराची एक जुनी रीत इथे वापरली आहे: साथ दाट आणि द्रुत चालते, गाणारा मात्र त्यावर विलंबित, मोकळं, जणू तालाबाहेरचं गातो. पाश्चात्त्य वृंदात हे वाजवताना निर्देशकाच्या हातावर सगळा भार येतो, आणि साथ ऐन वेळी व्हायोलिनची वाट बघत ढिली पडते. ऑपेरात वृंदाला चालवणारा माणूस म्हणजे बांगू हा छोटा ढोल वाजवणारा. त्याच्या काठीकडे बघून सगळे श्वास घेतात. मूळ रचनेतही टिपरी आणि ढोलाचे ठोके आहेत. तुझ्याकडे ते ज्यांच्या हाडात आहेत असे वादक बसलेले असतील. बांगू वादकाला एकलवादकाच्या नजरेत येईल असा बसव, त्याच्या ओळीत सगळं बारीक लिहू नकोस, ठळक खुणा कर आणि बाकी त्याच्यावर सोड. पिपा आणि यांगचिन त्याच्या मागे घट्ट चालू देत. हूच्या ताफ्याला इथे पहिल्यांदा व्हायोलिनबरोबर रडू दे, तोडून, आरोळीसारखं. इतका वेळ त्यांना आवरून धरलंस ते याच जागेसाठी. आणि यिंगताय थडग्यात उडी घेते तिथे घंटेचा तो मोठा ठोका: ऑपेरातली छोटी, सूर सरकवणारी घंटा घेऊ नकोस, मोठी सपाट घंटाच हवी, आणि तिचा नाद पूर्ण विरेपर्यंत पुढची ओळ सुरू करू नकोस. फुलपाखरांचा शेवट त्या शांततेतूनच उमलतो. तिथे व्हायोलिनला म्यूट (आवाज मऊ करणारी चिमटी) असतं, हे लक्षात ठेवून वृंद आणखी पातळ कर.

दोन गोष्टी अभ्यासाच्या. पंग श्यूवेन यांनी मुसोर्गस्कीच्या ‘पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन’चं चिनी वृंदासाठी केलेलं रूप मिळवून ऐक, आणि शेजारी रावेलचं 1922 चं रूप ठेव. एकाच पियानोच्या पानातून दोन माणसांनी दोन वेगळी घरं कशी बांधली ते दिसेल. जोशुआ बेलनं ‘लिआंग-झू’ सिंगापूर चायनीज ऑर्केस्ट्राबरोबर, त्सुंग येह यांच्या निर्देशनाखाली वाजवला, तो अल्बम 2023 मध्ये आला. तो तुला माहीत असणारच. पण तुझा पहिला भाग लिहून पुरा होईपर्यंत तो ऐकू नकोस, अशी माझी विनंती आहे. नंतर पानं समोर ठेवून ऐक आणि जिथे तुझा मार्ग वेगळा आहे तिथे कारण लिहून काढ. कारण सापडलं नाही तर ती जागा बदल.

हक्कांचं बघायला विसरू नकोस. ही रचना अजून स्वामित्वहक्काखाली आहे, प्रकाशकाची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय वादकांचे कागद छापू नकोस. आणि तू सिंगापुरात आहेस, हवा दमट. हूच्या अजगराच्या कातड्याचा सूर हवेबरोबर बदलतो. हाँगकाँगच्या वृंदानं त्यावर उपाय म्हणून कृत्रिम पडदा लावलेले हू तयार केले आहेत. तुझ्या वादकांकडे कोणते आहेत ते विचार, कारण तासाभराच्या तालमीनंतर व्हायोलिन आणि गाओहू एका सुरात राहतात की नाही, यावर पुष्कळ काही ठरतं.

पुढच्या खेपेला मला मधल्या भागाची पानं पाठव, सोनाच्या प्रवेशापासून घंटेपर्यंत. सुरुवातीचा भाग नंतर पाहू. त्याआधी एखाद्या शंगवादकाकडे जाऊन बस आणि तू लिहिलेले शंगचे स्वरसमूह त्याच्याकडून एकेक वाजवून घे. काही बोटांना पोचणार नाहीत, ते तो तिथल्या तिथे सांगेल.

तुझी,
बाई