शहर सोडून गोव्यातल्या खेड्यात राहायला तुम्हाला का आवडतं? कंटाळा येत नाही का?

नाही येत. मी सत्तरी तालुक्यात, वाळपईपासून आत एका वाड्यावर राहतो. आधी पणजीत नोकरी करत होतो, आता घरचं कुळागर, म्हणजे पोफळींची बाग, बघतो. शांत म्हटलं तरी इथे आवाज भरपूर, पण प्रत्येक आवाज कशाचा ते माहीत असतं. धनेश डोक्यावरून गेला की नुसत्या पंखांवरून कळतो.

उन्हाळ्यात सकाळ पाटावर जाते. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पाटाने कुळागरात येतं. कुठे पाला अडकला की तिथेच तुंबतं आणि खालच्या पोफळी कोरड्या राहतात. मग खोरं घेऊन बांध फोडायचा, दुसरीकडे घालायचा. पाणी पोफळीच्या बुंध्याशी पोचून माती काळी पडताना बघितली की मला फार बरं वाटतं. त्याच पोफळींवर मिरीचे वेल, मधे केळी. एका पाण्यात सगळ्यांचं भागतं.

आणि चवथ! गणपतीच्या वर आमच्याकडे माटोळी बांधतात. लाकडी चौकटीला सुपारीचे घोस, नारळ, केळीचा घड आणि रानातली फळं. शहरात माटोळीचा बाजार भरतो, सगळं विकत मिळतं. आम्ही रानात जातो. लालभडक कवंडळ कुठल्या झाडावर चढलंय ते आधीच हेरून ठेवावं लागतं, नाहीतर दुसरं कोणीतरी नेतं. माझी धाकटी फळ धरायच्या आधीच पानावरून वेल ओळखते. पणजीत राहिलो असतो तर तिला हे कुठून आलं असतं?

गैरसोयी आहेत. गवे बागेत शिरतात, माकडं नारळ पाडतात, वाऱ्यापावसात वीज जाते. सगळ्यात मोठी काळजी दुखण्याखुपण्याची. वाळपईला सरकारी दवाखाना आहे, पण मोठं काही झालं तर पणजीजवळचं बांबोळीचं मोठं सरकारी हॉस्पिटलच गाठावं लागतं. आईला एकदा रात्री दम लागला तेव्हा फोनला रेंज नव्हती. शेजारच्या काकांनी हाक ऐकून गाडी काढली. घरात म्हातारं माणूस असेल तर आधी हे बघा.

तुम्ही खरंच यायचं म्हणत असाल तर डिसेंबरातलं गाव बघून घर घेऊ नका. जून ते सप्टेंबर भाड्याने राहा. या भागात एका पावसाळ्यात ४००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशी धरते. तेवढं सोसवलं तर पुढचं बघा. आणि विहिरीला मे महिन्यात पाणी असतं का, हे घरमालकाबरोबर शेजाऱ्यांनाही विचारा.