पोलिसांची प्रेसनोट वाचताना

प्रश्न : 'सराईत जेरबंद' ही बातमी सगळ्या पेपरांत जवळपास सारखीच असते. पोलिसच लिहून देतात का? (वाचक, धनकवडी)

बऱ्याचदा, हो. गुन्हे शाखेचं युनिट किंवा पोलिस ठाणं प्रेसनोट तयार करतं आणि ती पत्रकारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येते. गुन्हा चार ओळींत, मग मुद्देमालाची किंमत, मग कुणाच्या मार्गदर्शनाखाली कुणी कारवाई केली त्याची लांबलचक यादी. क्राइम रिपोर्टरला उद्याही त्याच ठाण्यात जायचं असतं, अंकाची वेळही गाठायची असते. आरोपीच्या वकिलाला फोन क्वचितच जातो. मला सर्वांत जास्त खटकतं ते पुढचं. अटकेची प्रेसनोट निघते, पण तोच माणूस काही वर्षांनी निर्दोष सुटला तर निघत नाही. शेजारीपाजारी त्याला त्या फोटोवरूनच ओळखत राहतात. अटक छापणाऱ्या वृत्तपत्राने निकालही छापलाच पाहिजे.

प्रश्न : आरोपीने कबुली दिली, असं पोलिस पत्रकार परिषदेत सांगतात. मग खटला कशाला? (वाचक, कोथरूड)

पोलिसांपुढची कबुली न्यायालयात पुरावा ठरत नाही म्हणून. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३ तसं सांगतं; कबुलीतून एखादी वस्तू सापडली, तर तेवढाच भाग चालतो. कबुलीसारखेच पुरावेही कधी पत्रकार परिषदेतच मांडले जातात. पुण्यातल्या २०१७च्या एल्गार परिषद या सभेवरून झालेल्या प्रकरणाचा तपास पुणे पोलिसांकडे असताना, ३१ ऑगस्ट २०१८ रोजी राज्य पोलिसांच्या वरिष्ठांनी मुंबईत पत्रकार परिषदेत जप्त केलेली म्हणून पत्रं वाचून दाखवली. प्रकरण न्यायप्रविष्ट असताना हे कसं, असं उच्च न्यायालयाने विचारलं. सर्वोच्च न्यायालयात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी अल्पमताच्या निकालात त्यावर कडक ताशेरे ओढले. पुढे २०२३मध्ये त्यांच्याच खंडपीठाने केंद्राला पोलिसांच्या माध्यम-निवेदनांसाठी नियमावली करायला सांगितलं.

प्रश्न : कोयता घेऊन फिरणाऱ्यांची धिंड काढली तर बिघडलं काय? (वाचक, हडपसर)

दहशतीत राहणाऱ्या वस्तीला बरं वाटणारच. पण धिंड ही शिक्षा कायद्यात नाही. शिवाय चेहरा मोबाइलवर गावभर फिरला की ओळखपरेडीत (साक्षीदाराने अनेकांतून आरोपी ओळखण्यात) दम उरत नाही आणि खटला तिथेच कच्चा होतो.

प्रश्न : मग पोलिसांवर विश्वास ठेवायचाच नाही? (वाचक, येरवडा)

ठेवा, पण तपासून. १९ मे २०२४ रोजी कल्याणीनगरात पोर्शेच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले. त्यानंतर पत्रकार आणि पुणेकरांनी प्रश्न लावून धरले. येरवडा ठाण्याचे दोन अधिकारी निलंबित झाले, आणि ससून रुग्णालयात गाडी चालवणाऱ्या मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याचं खुद्द पोलिस आयुक्तांनी पत्रकारांसमोर सांगितलं. अशा पत्रकार परिषदा हव्यातच.

तपासायचं साधन तुमच्याही हातात आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या निकालानुसार, संवेदनशील गुन्हे वगळता एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावी लागते. बातमी वाचली की ती उघडा. कलमं आणि घटनेची वेळ जुळत नसेल, तर संपादकांना कळवा.