दहा वर्षांचा एसएमपीएस नव्या कम्प्युटरला जोडावा का?

आपला प्रश्न असा आहे की, २०१५ साली घेतलेला ५५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे घरची वीज कम्प्युटरला लागणाऱ्या कमी व्होल्टमध्ये बदलून देणारी पेटी, अजून विनातक्रार चालत असताना, नवा मदरबोर्ड आणि मध्यम ताकदीचे ग्राफिक्स कार्ड घेताना तोच पुढे वापरावा की त्याच्यावरही खर्च करावा. माझे मत स्पष्ट आहे: ग्राफिक्स कार्ड बसवणार असाल तर नवा घ्या. मात्र जुना लगेच भंगारात देऊ नका.

‘चालतो’ हा शब्द येथे फसवा आहे. एसएमपीएसमधील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांतील, म्हणजे वीज साठवून तिचा प्रवाह स्थिर ठेवणाऱ्या डबीसारख्या भागांतील, द्रव वर्षानुवर्षे उष्णतेने सुकत जातो, आणि तापमान दर १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. त्यामुळे वातानुकूलित खोलीतली दहा वर्षे आणि नागपूरच्या उन्हाळ्यात टेबलाखाली धूळ खात काढलेली दहा वर्षे एकच नव्हेत. शिवाय भिंतीवरचे बटण चालू असेपर्यंत, कम्प्युटर बंद असला तरी, एसएमपीएसमधला ५ व्होल्टचा स्टँडबाय भाग राबतच असतो. रात्री सगळी बटणे बंद करत फिरणारे कोणी वडीलधारे आपल्या घरात असेल, तर त्यांनी नकळत या भागाचे आयुष्य वाढवले आहे.

माझ्याकडच्या एका जुन्या एसएमपीएसने मला बरेच दिवस चकवले होते. थंडीत सकाळी बटण दाबले की पंखा अर्धा फेरा मारून थांबायचा, तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात कम्प्युटर सुरू व्हायचा आणि मग दिवसभर कसलीही कुरकुर नसायची. मी रॅम काढून पुसली, मदरबोर्डवर संशय घेतला, दोन रविवार वाया घालवले. शेवटी वायर काढून पंख्याच्या जाळीतून टॉर्च मारला तेव्हा दिसले की, ज्या कपॅसिटरचे डोके सपाट असायला हवे ते फुगून वर आले होते आणि बुडाशी तपकिरी खपली धरली होती. थकलेला कपॅसिटर थंड असताना आणखी दुबळा होतो, म्हणून दुखणे फक्त सकाळी दिसत होते. आपणही असेच जाळीतूनच पाहा, पेटी उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टहून अधिक दाब असतो आणि वायर काढल्यावरही तो काही काळ टिकून राहतो.

मल्टिमीटरने मोजायचे असल्यास कम्प्युटरवर काम चालू असताना मोजा. मदरबोर्डला जाणाऱ्या मुख्य प्लगमधील हिरवी वायर काळीला जोडून नुसता पंखा फिरवून पाहण्याने जवळजवळ काहीच सिद्ध होत नाही. १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ च्या दरम्यान हवी, ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ च्या. आकडा याबाहेर गेला तर निकाल लागला, पण आकडा बरोबर आला म्हणून एसएमपीएस निर्दोष ठरत नाही, कारण कपॅसिटर सुकल्यावर वाढणारी तरंगरूपी अशुद्धी, म्हणजे रिपल, साध्या मीटरवर दिसत नाही. तिची मर्यादा १२ व्होल्टला १२० मिलिव्होल्ट आहे आणि ती पाहायला ऑसिलोस्कोप लागतो.

स्टिकरवरचा ५५० हा आकडाही तूर्त बाजूला ठेवा आणि १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिले आहेत ते वाचा, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांचा जवळजवळ सगळा भार त्याच लाइनवर पडतो. तेथे ४० च्या आसपास असेल तर माल बरा आहे. २० असेल, तर त्या लाइनवर मिळतात जेमतेम २४० वॅट. त्यात भर म्हणजे आजची ग्राफिक्स कार्डे क्षणभर आपल्या नेहमीच्या गरजेच्या कितीतरी पुढे झेप घेतात. अशा झटक्यांची तरतूद एसएमपीएस कसा असावा हे ठरवणाऱ्या २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात आहे, आपला एसएमपीएस त्याआधीचा. जुना कपॅसिटर नेमका तेथेच तोकडा पडतो, आणि खेळ ऐन रंगात असताना कम्प्युटर बंद पडतो.

नवा घेतल्यावर जुन्याच्या सुट्या होणाऱ्या केबल त्याला लावू नका. एसएमपीएसच्या बाजूची पिनांची रचना प्रत्येक कंपनीची, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचीही, वेगळी असते. प्लग अगदी चपखल बसतो आणि हार्ड डिस्क जळते.

कपॅसिटर सपाट असतील, जळका वास नसेल आणि पंखा खरखरत नसेल, तर जुना एसएमपीएस ग्राफिक्स कार्ड नसलेल्या, पत्रव्यवहार आणि ब्राउझिंगपुरत्या दुसऱ्या कम्प्युटरला जोडा. फक्त त्यातील फोटो आणि कागदपत्रांची प्रत अन्यत्र ठेवा. स्टिकरवरचा अँपिअरचा आकडा आणि घ्यायच्या कार्डाचे मॉडेल कळवलेत, तर नवा किती वॅटचा पुरेल तेही सांगता येईल.