शिडाची बोट घ्यावी की नको?

प्रश्न: नमस्कार दादा, मी गोव्यात पर्वरीला राहतो, वय ५२, पुढच्या वर्षी व्हीआरएस घेतोय. ओळखीतले एकजण २६ फुटी जुनी शिडाची बोट विकतायत, आत झोपायला चार बंक, छोटा ओटा, डिझेल इंजिन. मालवण, कारवार असं निवांत फिरावं हे लहानपणापासून डोक्यात आहे. बायको म्हणते पांढरा हत्ती दारात बांधू नका. काय करू?

उत्तर: नमस्कार. वहिनी बोलतायत त्यात तथ्य आहे, म्हणून आधी तेच घेतो. जून ते सप्टेंबर बोट समुद्रात न्यायचीच नाही, मांडवी नदीच्या तोंडाशी आग्वादला वाळूचा दांडा आहे तिथे पावसाळ्यात लाटा फुटतात, म्हणजे चार महिने बोट वर काढून झाकून ठेवायची, शिडं उतरवून सुकवून घरी आणायची, नाहीतर बुरशी धरते. उरलेल्या आठ महिन्यांत खारं पाणी आपलं काम करतच असतं. तळाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून लावलेला अँटीफाउलिंग रंग संपत आला की बार्नकल, म्हणजे टणक कवचाचे बारीक समुद्री जीव, असे चिकटतात की पत्र्याने खरवडताना हाताची बोटं सोलून निघतात, आणि तोवर बोटीचा वेग पार पडलेला असतो.

माझी २४ फुटी आहे, नऊ वर्षं झाली. एकदा डिसेंबरात संध्याकाळी समुद्रातून नदीत आत येताना इंजिन तापलं, इंजिन गार ठेवायला समुद्राचं पाणी ओढणारा रबरी इम्पेलर फाटलेला, वारा पडलेला, ओहोटी बाहेर ओढतेय, नांगर टाकून दोन तास अंधारात बसलो. आदल्याच महिन्यात मेकॅनिकने इम्पेलर बदलला म्हणून पैसे घेतले होते आणि मी झाकण उघडून बघितलं नव्हतं. तेव्हापासून सगळं स्वतः उघडतो. हे करायला तुम्हाला आवडणार असेल तरच बोट परवडते, प्रत्येक गोष्टीला माणूस बोलावला तर पेन्शन पुरणार नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती माझ्यासाठी फार मोठी आहे. जानेवारीत पहाटे जमिनीवरून पूर्वेचा वारा येतो, पाणी सपाट असतं, इंजिन बंद केलं की फक्त बोटीच्या कडेने पाणी जातानाचा आवाज. दुपारनंतर वायव्येचा वारा धरतो. मालवण साधारण ३५ सागरी मैल, पाच नॉटने, म्हणजे तासाला पाच सागरी मैल, सात तास, पण जाताना दुपारचा वारा तोंडावर असतो, मग नागमोडी जावं लागतं आणि सात तासांचे बारा होतात, म्हणून अंधारातच निघायचं. अंधारात मच्छीमारांची जाळी मात्र जपा, इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्यात दोर अडकला तर पाण्यात उतरून कापावा लागतो. येताना तोच वारा पाठीशी, ते सुख वेगळंच.

बोटीचं फायबरचं काम जाणणारी माणसं आपल्याकडे गोव्यात आहेत, इथेच दिवाडी बेटावर बांधलेल्या ५६ फुटी म्हादेई या शिडाच्या बोटीवरून नौदलाच्या दिलीप दोंदेंनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. शिडं आणि डोलकाठीच्या तारांचं सामान मात्र बहुतेक बाहेरून मागवावं लागतं.

माझं मत विचाराल तर घ्या, पण लगेच नको. एक सीझन दुसऱ्याच्या बोटीवर हात चालवा. मग ही बोट पाण्याबाहेर काढायला लावून तळ बघा, फोड आले असतील तर फायबरमध्ये पाणी शिरलंय. डोलकाठीच्या तारांवरून, विशेषतः खालच्या टोकाशी, कापसाचा बोळा फिरवा, जिथे कापूस अडकेल तिथे तारेचा एक पदर तुटलाय, ती तार बदलायचीच. नोंदणीचे कागद घेऊन बंदर कप्तान खात्यात स्वतः जाऊन या, विम्याचंही विचारा.

आणि पैसे देण्याआधी एक रात्र दोघंही त्या बोटीवर झोपा, नदीतच, नांगरावर. चहा करा, तिथला संडास वापरा, २६ फुटीत बऱ्याचदा ताठ उभंसुद्धा राहता येत नाही. सकाळी वहिनी काय म्हणतात ते मला जरूर कळवा.