आधी फोन परत द्या

(सांगोल्याहून एका वडिलांचे पत्र: मुलगी बारावी कला शाखेत आहे. तिला पत्रकारिता करायची आहे. मात्र बातम्या ती केवळ इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर पाहते व 'पेपरवाले सगळे विकलेले' असे म्हणते. तिला एमपीएससीकडे कसे वळवावे?)

पत्रात गुण, शाखा, वय हे सारे तुम्ही सविस्तर लिहिले आहे. मला अस्वस्थ केले ते शेवटी ओझरत्या आलेल्या एका वाक्याने. मुले पळवणाऱ्या टोळीची जी क्लिप तुम्ही भावकीच्या ग्रुपवर टाकली, ती जुनी आणि भलतीकडची असल्याचे मुलीने सर्वांदेखत दाखवून दिले आणि त्याच संध्याकाळी तुम्ही तिचा फोन कपाटात ठेवून कुलूप लावले. चार नातेवाइकांत मान खाली गेली, हे दुःख मी समजू शकते. पण त्याची शिक्षा तिला का?

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे अशाच अफवेपायी जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. त्यांतले बहुतेक तुमच्या शेजारच्या मंगळवेढा तालुक्यातले होते. त्या वर्षी देशभर फिरलेली एक क्लिप मुळात कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीची होती. मोटारसायकलवरचे दोघे मुलाला परत आणून सोडतात, तेवढा शेवट कापून ती पाठवली जात होती. तुमच्या मुलीने ग्रुपवर जे केले, त्याला पत्रकारितेत पडताळणी म्हणतात आणि त्यासाठी वृत्तसंस्था पगार देऊन माणसे नेमतात.

छापलेले तेवढे खरे हा तुमचा समज आणि 'सगळे विकलेले' हा तिचा, दोन्ही मला सारखेच चुकीचे वाटतात. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यातील वृत्तपत्रांत पैसे घेऊन मजकूर छापल्याचा बभ्रा झाला आणि प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० मध्ये पेड न्यूजवर अहवाल दिला. म्हणजे तिचा संशय निराधार नाही. परंतु तो प्रकार चव्हाट्यावर आणला तोही पत्रकारांनीच, हे तिला ठाऊक हवे. घरी येणाऱ्या पेपरात एका पानाच्या तळाशी अगदी बारीक टायपात मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे असतात. ती ओळ तिला दाखवा, कारण मजकूर चुकला तर जाब विचारायचा तो याच नावांना. रील कोणी केली, दृश्य कुठले आहे, चूक निघाल्यावर दुरुस्ती केली का, हे प्रश्न तिने आपल्या आवडत्या चॅनेललाही विचारावेत.

बारावीनंतर मास मीडियाची पदवी, किंवा कोणत्याही पदवीनंतर पुण्याचे रानडे इन्स्टिट्यूट वा भारतीय जनसंचार संस्थेचे (आयआयएमसी) अमरावती केंद्र, हे मार्ग सर्वांना माहीत आहेत. एमपीएससीलाही पदवी लागतेच. त्यामुळे तो वाद तीन वर्षे थांबू शकतो.

फोनचे तसे नाही. तो आजच परत द्या आणि त्याच ग्रुपवर, आपली क्लिप चुकीची होती, हे स्वतःच्या नावाने लिहा. मला पुढचे पत्र तिच्याकडून येऊ द्या. पाठवण्यापूर्वी ते वाचायला मागू नका.