तीन थरांच्या लग्नाच्या केकवर ताजी फुलं थेट खोचली तर चालतील का?

थेट नको. देठातला चीक आणि फवारणीचं औषध केकमध्ये उतरतं. देठ तिरका कापून फ्लोरल टेप गुंडाळा, मग जाड स्ट्रॉमध्ये घालून ती स्ट्रॉ केकमध्ये रोवा. कापण्याआधी सगळं काढून घ्यायचं, म्हणून किती खोचल्या ते मोजून ठेवा.

फूल निवडताना मात्र अजिबात तडजोड करू नका. कण्हेर, हायड्रेंजिया, लिली ऑफ द व्हॅली कितीही सुंदर दिसली तरी विषारीच. बिनफवारणीचा गुलाब सर्वात बिनघोर. पाकळ्यांच्या बुडाशी किडे लपतात, तेवढं बघा. फुलं शक्यतो शेवटच्या तासा-दोन तासांतच लावा. दोन थरांच्या सांध्यावर झुपका छान दिसतो, शिवाय सांधाही झाकला जातो.